मीच घेतल्या

ऑपरेशननंतरच्या तिसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता वहिनीने कागदावर पाचवा आकडा लिहिला : एकशे अठरा.

कागद म्हणजे दवाखान्याने दिलेलं आहाराचं पत्रक. दादाने पुढचे सहा आठवडे काय आणि किती प्यायचं ते एका बाजूला छापलेलं होतं, दर पंधरा मिनिटांनी एक चिमुकला कप, तोही घोटाघोटाने. मागची बाजू कोरी होती. वहिनी शाळेत गणित शिकवायची आणि कोरा कागद दिसला की तिचा हात शिवशिवायचा. काल दुपारपासून ती पलंगाशेजारच्या यंत्रावरचा नाडीचा आकडा उतरवून घेत होती. शहाण्णव, एकशे चार, एकशे नऊ, एकशे बारा आणि आता हा. आकडा उतरायला हवा होता, तो चढत होता.

"अहो, दुखतंय का?"

"ठीक आहे."

"ठीक म्हणजे किती? सिस्टरने दहापैकी सांगायला सांगितलंय."

"दोन."

"कालही दोनच म्हणालात."

"मग बरं आहे की. वाढलं तर नाही." दादा हसला आणि हसताना त्याने डावा खांदा किंचित वर उचलून धरला.

वहिनीला या दोनाचा भरवसा नव्हता. तिच्या सासरी कुणाचंही दुखणं दोनाच्या वर गेल्याचं ऐकिवात नव्हतं. तीन पिढ्या लिफ्ट दुरुस्त करणारं हे घराणं. सासऱ्यांच्या पायावर मोटर पडली होती, तेव्हा ते 'जरा लागलंय' म्हणत घरी आले, जेवले, आणि मग दवाखान्यात गेले. पायाची तीन बोटं गेली. ही गोष्ट घरात अजून कौतुकाने सांगितली जायची. वहिनी लग्न होऊन आली त्या वर्षी तिनेही ती कौतुकाने ऐकली होती. आता तिला त्या गोष्टीचा राग यायचा.

या ऑपरेशनलाही तिचा विरोधच होता. दादाचं वजन एकशे अठ्ठावन्न किलो झालं होतं, गुडघे गेले होते, झोपेत श्वास अडकायचा, हे सगळं तिला दिसत होतं. पण दादाने होकार दिला तो गुडघ्यांसाठी नाही, हेही तिला ठाऊक होतं. लिफ्ट ज्यातून वरखाली होते त्या शाफ्टच्या तळाशी जो खड्डा असतो, त्याच्या दारातून दादा आत मावेनासा झाला, म्हणून तिथे त्याच्याऐवजी धाकटा भाऊ उतरू लागला. आणि तीन वर्षांपूर्वी त्या खड्ड्यात धाकट्याचा डावा पंजा गेला. तेव्हापासून दादाच्या मनाने घेतलं होतं की आपण बारीक व्हायचं आणि स्वतः खाली उतरायचं. तीन वर्षं तो याच विचाराने झुरत होता आणि झुरता झुरता आणखी खात होता.

सर्जनबाईंनी पहिल्या भेटीत चित्र काढून दाखवलं होतं. पोटावर पाच छोटी भोकं पाडायची, एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून हत्यारं. जठराचा वरचा अंड्याएवढा भाग कापून वेगळा करायचा, आतडं वर आणून त्याला जोडायचं, उरलेलं जठर आत तसंच पडून राहतं. दादाने सगळं नीट ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला होता, "जोडाची टेस्ट कशी घेता?" सर्जनबाईंना तो प्रश्न फार आवडला होता. काल सकाळी औषध पाजून फोटो काढला, तेव्हा जोड पक्का होता. त्यामुळे आज दुपारी घरी सोडणार होते.

साडेआठला आई आणि ताई आल्या. ताई दादाहून लहान, धाकट्याहून मोठी. पण धाकट्याच्या देखादेखी सगळं घर तिला ताईच म्हणायचं, दादासुद्धा. चौकात तिचं औषधाचं दुकान होतं. हे ऑपरेशन, या सर्जनबाई, सगळं तिनेच शोधून काढलं होतं.

आईने पलंगाजवळची खुर्ची घेतली, मुलाकडे पाहिलं आणि म्हणाली, "तोंड बंद ठेवायला लोकांना पोटाला पाच भोकं पाडावी लागतात, हे मला या वयात कळलं."

"आई, ते तोंडाचं नसतं गं," ताई म्हणाली. "किती वेळा सांगू?"

"मला काय कळतंय. मी चार बुकं शिकले असते तर मीही दुकान काढलं असतं."

दादा पुन्हा हसला, आणि यंत्रावरचा आकडा एकशे एकवीस झाला. वहिनीने तो लिहून घेतला.

"वन्सं, हे बघा. कालपासून चढतोय. मी सिस्टरला बोलावून आणते."

"ऑपरेशननंतर चढते थोडी," ताई म्हणाली. "पण आणा बोलावून. विचारलेलं बरं."

वहिनी बाहेर गेली. तिच्या चपलांचा आवाज कोपऱ्यापर्यंत गेला तसं दादाने डोळे मिटले आणि तोंडातून हळूच श्वास सोडला.

"आहे का?" त्याने विचारलं.

ताईने पर्स उघडली. आत कागदाची एक पुडी होती. मोठी गोळी गिळायची नाही असं पत्रकात लिहिलेलं, म्हणून तिने काल दुकानातच गोळ्या कुटून तीन पुड्या बांधल्या होत्या. दुखणं आणि ताप, दोन्हीवर चालणारी गोळी. ती रोज शंभरेक लोकांना द्यायची, त्यात विशेष काही नव्हतं. निदान काल संध्याकाळी तरी तिला विशेष वाटलं नव्हतं. वहिनी आंघोळीला घरी गेली होती आणि दादा एकदम म्हणाला होता, "ताई, डाव्या खांद्यात कुणीतरी पाना घालून पिळतंय."

"पोटात गॅस भरतात ना कॅमेऱ्यासाठी, तो खांद्यात जातो. सगळ्यांना होतं. सिस्टरला सांगते मी."

"नको. सांगितलं की थांबवून घेतील. उद्या धाकटा येणार आहे ना?"

"दहाला येतो म्हणालाय. आपण चौघं मिळून तुला घरी नेऊ, असं ठरलंय."

"घरात पाऊल टाकणार?"

"म्हणाला तसं."

तीन वर्षं धाकटा दादाच्या घरी आला नव्हता. लग्नकार्यात समोरासमोर आले तरी मान हलवून बाजूला व्हायचा. त्याला आणण्यासाठी ताईने चार महिने खर्च केले होते, पाया पडायचं तेवढं बाकी होतं.

"मग मला उभं राहू दे," दादा काल म्हणाला होता. "मी आडवा पडलेला दिसलो तर तो दारातूनच परत जाईल. मी ओळखतो त्याला. एवढं कर माझं."

मग ती दुकानात जाऊन पुड्या बांधून आली आणि एक तिने काल सहाला दिली. दुसरी त्याने रात्री साडेअकराला वहिनीचा डोळा लागल्यावर उशीखालून काढून घेतली आणि तसं तिला फोनवर कळवलं. ही तिसरी. ताईला ठाऊक होतं की नाडी अशी वाढणं चांगलं नाही. पण ऑपरेशन तिने ठरवलेलं, सर्जन तिने शोधलेली, वहिनीचा विरोध तिने मोडून काढलेला. आता काही बिघडलं तर सगळी बोटं तिच्याकडे वळणार. म्हणून काही बिघडलेलं नाही, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. तिने पुडी कपात झटकली, पाणी घातलं, चमच्याने ढवळलं.

आई बघत होती. काही विचारेल असं ताईला वाटलं. आईने कपाकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

दादाने तीन घोट घेतले. चौथा त्याला जाईना.

सिस्टर आली, ताप पाहिला, नव्हता. दुखतंय का विचारलं, दोन. पोटाला हात लावला तर दादाने हूं की चूं केलं नाही. "डॉक्टरीणबाई ऑपरेशनमध्ये आहेत, बाहेर आल्या की सांगते," असं म्हणून ती गेली. वहिनीने कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली.

*

धाकटा दहाला पाच मिनिटं असताना आला. दवाखान्याच्या दारापासून खोलीपर्यंत यायला त्याला वीस मिनिटं लागली होती. दोनदा तो परत फिरून फाटकापर्यंत गेला होता. घरच्यांना वाटायचं की त्याचा दादावर राग आहे. त्यानेही ते कधी खोडून काढलं नव्हतं.

दारात त्याला दिसलं की दादा पलंगाच्या कडेला पाय सोडून बसलाय आणि वहिनी नको नको म्हणत असताना उठतोय. उठला. त्या अगडबंब देहाला दवाखान्याचा झगा पुरत नव्हता. एका हाताने झगा आणि दुसऱ्या हाताने सलाईनची काठी धरून दादा उभा राहिला.

"आलास," दादा म्हणाला.

"हो."

"जिन्याने आलास?"

"लिफ्ट आहे ना."

"कशी आहे?"

"दार घासतंय. दुसऱ्या मजल्यावर बोटभर खाली थांबते."

"मलाही तेच वाटलं. पण मला स्ट्रेचरवरून नेलं, नीट बघता आलं नाही."

दोघं हसले. ताईने आईचा हात धरून दाबला. आईने डोळ्यांना पदर लावला. चार महिन्यांची मेहनत फळाला आली असं ताईला त्या क्षणी वाटलं, आणि ते तिने पुढे कधीच कुणाला सांगितलं नाही.

धाकटा मात्र दादाच्या तोंडाकडे बघत होता. बाकीचे दोन दिवस रोज बघत होते म्हणून त्यांच्या नजरेत भरलं नसेल, तो तीन वर्षांनी नीट बघत होता. ओठांवर घामाचे थेंब होते. श्वास भरभर चालला होता, जिना चढल्यासारखा, आणि हा माणूस तर जागचा हलला नव्हता. ओठांचा रंगही बरा नव्हता.

"दादा, तू बस."

"अरे, ठीक आहे मी. चल, निघायचंच आपल्याला."

"बस आधी."

दादा बसला म्हणण्यापेक्षा खाली आला. पलंग करकरला. धाकट्याने उजव्या हाताने त्याचं मनगट धरलं. ते गार होतं आणि आत नाडी फडफडत होती. यंत्राने आवाज करायला सुरुवात केली. एकशे चौतीस. वहिनी कागद टाकून धावत सुटली, आणि या वेळी तिने सिस्टरला विचारलं नाही, थेट ऑपरेशन थिएटरच्या दारावर जाऊन थापा मारल्या.

सर्जनबाई टोपीसकट आल्या. त्यांच्यामागे एक ज्युनियर डॉक्टर, सिस्टर, मग वहिनी. त्यांनी पोट तपासलं, तक्ता पाहिला, परत पोट तपासलं.

"किती दुखतंय?"

"दोन."

"ताप नाही. पोट मऊ आहे. दुखणं दोन म्हणताय. आणि नाडी एकशे चौतीस, बीपी पडतंय. हे सगळं एकाच माणसाचं असू शकत नाही." त्या खोलीतल्या सगळ्यांकडे वळल्या. "आमच्याव्यतिरिक्त कुणी काही औषध दिलंय? आत्ता सांगा. मी रागावणार नाही. मला फक्त कळायला हवं."

ताईने पर्स पोटाशी धरली होती. तिचं तोंड उघडलं, आणि आईचा हात तिच्या दंडावर आला.

"मीच घेतल्या," दादा म्हणाला. "घरून आणल्या होत्या. कुटून."

"कशाच्या गोळ्या?"

"दुखण्याच्या. काल संध्याकाळी, रात्री, आज सकाळी. कुणी सांगितलं नव्हतं. मीच घेतल्या, माझी चूक."

हे तो भराभर म्हणाला, कुणाकडेही न बघता, पाठ असल्यासारखं. धाकट्याने झटकन मान वर केली. हा आवाज त्याने आधी ऐकला होता. तीन वर्षांपूर्वी लिफ्ट इन्स्पेक्टरच्या टेबलासमोर दादा याच आवाजात म्हणाला होता, 'मी विचारलंच नाही साहेब. घाई होती. माझी चूक.'

"खरं किती दुखतंय?" सर्जनबाईंनी विचारलं.

दादाने धाकट्याकडे पाहिलं.

"सांग की रे," धाकटा म्हणाला. "मी कुठे जात नाहीये."

"सहन होत नाहीये," दादा म्हणाला. "काल दुपारपासून."

सर्जनबाईंनी वेळ घालवला नाही. जोड गळतोय असं वाटतंय, परत आत जाऊन बघावं लागेल, आत्ता लगेच. जमलं तर त्याच भोकांतून, नाही तर पोट उघडून. वहिनीने उभ्याउभ्याच सही केली. पलंग दाराबाहेर निघाला तेव्हा दादाने धाकट्याच्या डाव्या बाहीचं रिकामं टोक धरलं.

"जाऊ नकोस हं," तो म्हणाला. "मला घरी न्यायला आलायस ना."

"थांबतो. तू ये."

*

थिएटरबाहेर एक बाक होता, तिघांना पुरेल एवढा. बसल्या दोघीच, आई आणि ताई. वहिनी भिंतीला टेकून उभी राहिली. धाकटा येरझाऱ्या घालत होता.

"त्यांनी घरून काही आणलं नव्हतं," वहिनी म्हणाली. "पिशवी मी भरली होती. टॉवेल, चष्मा, साबण. गोळ्या नव्हत्या."

"आता ते उगाळून काय होणार?" आई म्हणाली. "तो बरा होऊ दे आधी. झाकली मूठ सव्वा लाखाची."

धाकटा थांबला. "आई, ही म्हण तू माझ्या वेळीही म्हणाली होतीस. मला तर मूठही उरली नव्हती."

"तू कशाला मध्ये पडतोस?"

"मध्ये मीच आहे." तो वहिनीसमोर येऊन उभा राहिला. "वहिनी, दादाने तेव्हा विचारलं होतं."

"काय विचारलं होतं?"

"शाफ्टमध्ये आमची पद्धत असते. वरचा माणूस मशीनरूममधून ओरडून विचारतो, 'ठीक?' खालचा अंग, हात, हत्यार, सगळं बाहेर काढतो आणि मग म्हणतो, 'ठीक'. त्यानंतरच वरचा लिफ्ट हलवतो. दादाने विचारलं होतं. दोनदा विचारलं. पाना पडला होता, तो मी शोधत होतो, हात आतच होता. वाटलं, निघेल तेवढ्यात. मी 'ठीक' म्हणालो."

वहिनी भिंतीपासून सरळ झाली.

"इन्स्पेक्टरने आधी त्यालाच विचारलं. खरं सांगितलं असतं तर माझं लायसन्स गेलं असतं आणि गावात एकानेही मला शाफ्टमध्ये घेतलं नसतं. खोटं 'ठीक' म्हणणाऱ्याबरोबर कुणी काम करत नाही. त्याने सांगितलं, मी विचारलंच नाही. आणि मी गप्प बसलो. तेव्हा बसलो म्हणून मग नंतर बोलताच येईना. त्याच्याकडे बघायची लाज वाटायची, म्हणून येत नव्हतो. राग कसला आलाय मला."

वहिनीला तीन वर्षं आठवली. मशीनरूममध्ये तिचा नवरा बेफिकीर वागला, भावाचा हात घेतला, असं गावभर झालं होतं. कामं तुटली होती. आई वर्षभर चारचौघांत त्याच्या हातचं पाणी घेत नव्हती. वहिनीने स्वतः एकदा भांडणात त्याला म्हटलं होतं, 'विचारायला काय जीभ झिजली असती?' त्याने ताट बाजूला सारलं होतं आणि मग थोड्या वेळाने परत ओढून घेतलं होतं.

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

आईने मान खाली घातली, म्हणजे माहीत होतं.

"आज सकाळी तोच आवाज होता, वहिनी," धाकटा म्हणाला. "मीच घेतल्या, माझी चूक. तो कुणाला तरी झाकतोय."

वहिनीने ताईकडे पाहिलं. ताईने पर्सचा बंद बोटाभोवती गुंडाळला होता, इतका घट्ट की बोट पांढरं पडलं होतं. इथे बोलली असती तर निदान चौघांत राहिलं असतं. ती बोलली नाही. वहिनीनेही विचारलं नाही. तिचा नवरा त्या दारामागे होता आणि तोवर तिला दुसरं काही ऐकायचं नव्हतं.

अडीच तासांनी सर्जनबाई बाहेर आल्या. शंभरात एखाद्याला होतं ते झालं होतं. जोडापाशी एक बारीक भोक, त्यातून सगळं पोटात पसरलेलं. धुऊन काढलं, शिवलं, नळ्या ठेवल्या. पण विष रक्तात गेलंय, पेशंट आता श्वासाच्या यंत्रावर आहेत.

"गळती गोळ्यांमुळे झाली का?" ताईने विचारलं. तिचा आवाज कसातरीच निघाला.

"नाही. गळती होणारच होती. पण ताप आला असता, पोट कडक झालं असतं, ते ओरडले असते. आम्ही काल रात्रीच आत गेलो असतो. गोळ्यांनी तिचं तोंड बांधून ठेवलं. त्यात आमचंही चुकलं, एकशे अठरावर मला बोलवायला हवं होतं. ते मी माझ्या कागदावर लिहिणार आहे."

"काल रात्री आत गेला असता तर?" वहिनीने विचारलं.

सर्जनबाईंनी टोपी काढली. "तर मी आत्ता तुमच्याशी वेगळं बोलत असते," त्या म्हणाल्या.

*

दादा दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊण वाजता गेला. यंत्रावर असल्यामुळे त्याला बोलता येत नव्हतं, शुद्धही नव्हती. धाकटा पूर्ण वेळ पायाशी बसून होता. त्याने दादाच्या कानात जे सांगायचं ते सांगितलं, ते पोचलं की नाही हे कळायला मार्ग नव्हता.

ज्युनियर डॉक्टर फॉर्म घेऊन बाकापाशी आला. कोवळा होता, मान वर करून बोलायला त्याला जड जात होतं. ऑपरेशननंतर मृत्यू झाला की चौकशी होते, म्हणाला. एक रकाना आहे, बाहेरून घेतलेलं औषध. तिथे पेशंट स्वतःच घेतल्याचं म्हणाले होते, तेच लिहू का, की नातेवाइकांना काही सांगायचंय?

"तेच लिहा," आई म्हणाली. "गेलेल्या माणसाचा शब्द राहू दे."

"नाही," वहिनी म्हणाली. "आई, एकदा राहिला त्यांचा शब्द. तीन वर्षं मी बेफिकीर माणसाची बायको म्हणून वावरले. आता जन्मभर त्यांच्या नावावर हेही नको. त्यांनी गोळ्या आणल्या नव्हत्या."

"तिचं दुकान जाईल गं," आई हळू आवाजात म्हणाली. "एक लेकरू गेलं माझं. दुसऱ्याचा हात गेला. हिचं एवढं राहू दे."

वहिनीने मान हलवली. नाही म्हणूनच हलवली.

तशी आई उठली. बाकाच्या पाठीला धरून उभी राहिली आणि डॉक्टरला म्हणाली, "मग माझं नाव घाला. मी दिल्या. मी आई आहे, मला बघवेना. मीच दिल्या."

वहिनी बघतच राहिली. तोच आवाज, तीच घाई, तसंच कुणाकडेही न बघणं. आपला नवरा हे कुठे शिकला, हे लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर तिला त्या क्षणी कळलं, आणि सासूचा राग करायला तिच्याजवळ बळच राहिलं नाही.

डॉक्टरने पेन टेकवलं. "कोणती गोळी, आजी?"

"पांढरी."

"नाव?"

"नाव मला काय वाचता येतंय? दुखण्याची."

"किती दिल्या?"

आईने धाकट्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. "दोन," ती म्हणाली.

धाकट्याने भिंतीकडे तोंड केलं. डॉक्टर थांबला होता. आणि तेव्हा ताईने गोळीचं नाव सांगितलं. मग ताकद सांगितली. एका पुडीत दोन, अशा तीन पुड्या, पहिली परवा संध्याकाळी सहाला, दुसरी रात्री साडेअकराला, तिसरी काल सकाळी पावणेनऊला, तीस मिली पाण्यात. काउंटरवरून रोज सांगायची तशी, सावकाश, दोनदा. डॉक्टरला लिहून घेता यावं म्हणून ती मध्ये थांबतही होती.

"चूप बस," आई म्हणाली. "अगं, चूप बस ना."

"तिसरी देताना त्याला चौथा घोट जात नव्हता," ताई म्हणाली. "तेही लिहा."

डॉक्टरने लिहिलं आणि फॉर्म तिच्यापुढे धरला. तिने सही केली, नात्याच्या रकान्यात बहीण लिहिलं आणि पेन परत देऊन ती बाकाच्या टोकाला बसली. आई मटकन दुसऱ्या टोकाला बसली आणि दोन दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने रडू लागली. धाकटा तिच्या पायाशी जमिनीवरच बसला.

वहिनी बराच वेळ उभी होती. मग ती ताईच्या शेजारी बसली. क्षमा वगैरे तिच्या मनात नव्हतं, पुढेही कधी येईल असं तिला वाटत नव्हतं. कालपासून ती कुठे धड टेकली नव्हती, आणि बाकावर तेवढीच एक जागा उरली होती.